संक्रांतीच्या काळ्या साड्या

बुकित पंजांग, सिंगापूर
११ मे २०२५

प्रिय नीतामावशी,

फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच "थांब, शिरीषला स्पीकरवर घेते" म्हणतेस, आणि मग काकाच बोलत बसतात. म्हणून हा ईमेल. पूर्ण वाच, मग बोल.

दानीच्या बाबांच्या अंत्यविधीची तारीख ठरली. जुलैच्या मध्यावर, पाच दिवस. तू म्हणशील, अगं, ते जाऊन दीड वर्ष होत आलं! हो. पण तोराजात माणूस असा एका दिवसात जात नाही. सुलावेसीच्या डोंगरातल्या त्या घरात, दक्षिणेच्या खोलीत, ते अजून आहेत. औषध टोचून ठेवलंय, वास वगैरे काही नाही. सासूबाई रोज सकाळी त्यांच्या उशाशी कॉफीचा कप ठेवतात आणि कालचा पाऊस, शेजारणीचं भांडण, सगळं सांगतात. विधी होईपर्यंत कोणी "गेले" म्हणत नाही, "आजारी आहेत" म्हणतात. मीही आता तसंच म्हणते. ऑफिसात एकदा तसं म्हटलं तर मॅनेजरने "गेट वेल सून"चं कार्ड आणून दिलं, आणि मी ते घेतलं!

इतकी वाट बघायचं कारण तुझ्यासारख्या बँकवालीला लगेच कळेल. दानीचा भाऊ पापुआत खाणीवर, बहीण जाकार्तात, आम्ही इथे. सगळे जमायला हवेत आणि सगळ्यांचं साठायला हवं. रेडे लागतात, माणूस त्यांच्यावर बसून पुढच्या जगात जातो असं मानतात. साधा रेडाही महाग, आणि अंगावर पांढरे ठिपके असलेला असला तर तेवढ्या पैशात पुण्यात चांगली मोठी गाडी येईल. आम्ही स्वतःचा फ्लॅट घ्यायचा पुढे ढकललाय तो यासाठीच. आधी मी दानीशी खूप भांडले. आता भांडत नाही, पण पटलंय असंही नाही.

तू यावंस असं म्हणायला हे पत्र नाही हं. तिथे अंगणातच रेडे कापतात, तुला बघवणार नाही. घराघराची माणसं रांग करून येतात, त्यांची नावं पुकारतात, असं बरंच काही असतं, पण ते त्यांचं त्यांचं. तू सासूबाईंना चार ओळी लिही, मी वाचून दाखवेन. मी जूनअखेर पुढे जातेय, मदतीला.

तुझी,
ऋता


पासिर रिस
१३ मे २०२५

चि. ऋतास आशीर्वाद,

पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. शिरीषला वाचून दाखवलं तर म्हणाला, "माणूस गेल्यावरही रोज कॉफी मिळणार असेल तर मी तोराजात राहायला तयार आहे." त्याला काय, सगळी थट्टाच.

आता माझं ऐक. तुझे आईबाबा एका वर्षात गेले, तेव्हा तू कॉलेजात होतीस. दहाव्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, तेव्हा भटजी मला म्हणाले, काहीतरी कबूल करा. मी मोठ्याने म्हणाले, "ताई, ऋताचं सगळं मी बघते, जा तू." कावळा लगेच आला. योगायोग असेल, पण शब्द दिला तो दिला. तेरा दिवसांत सगळं आटपलं आणि चौदाव्या दिवशी मी कामावर होते. दुःख काय कमी होतं का मला? पण दीड वर्ष माणूस घरात ठेवायचा, आणि त्याच्यापायी पोरांनी घर घ्यायचं नाही, ही कुठली रीत गं? सत्तावीस वर्षं मी लोकांची कर्जं मंजूर केली. रेड्यासाठी कर्ज मागायला कोणी आला असता तर चहा पाजून परत पाठवला असता.

बाकी एक गंमत बघ. आपल्याकडे यम रेड्यावर बसून न्यायला येतो, आणि त्यांच्याकडे माणूस स्वतःच रेड्यावर बसून जातो. म्हणजे रेडा दोन्हीकडे आहेच.

आणि हे मानपान, देणंघेणं, मला नाही आवडत, तुला माहीत आहे. तुझं लग्न मी कसं केलं? पत्रिकेवर ठळक छापलं होतं, "आहेर आणू नये". दानीचे वडील गावाहून आले होते, काळा कोट घालून, हातात जाड पाकीट. मी दारातच दोन्ही हातांनी परत केलं, वर लाडवाचा डबा दिला. म्हटलं, तुम्ही आलात यातच सगळं आलं. डोळे खाली घालून उभे राहिले बिचारे. भारावले असणार. अजून आठवलं की मला बरं वाटतं, एका मुलीच्या बाजूने इतक्या ताठ मानेने लग्न केलं!

तेव्हा तू जा, सून आहेस, जायलाच हवं. आम्ही इथून हात जोडतो. सासूबाईंना चार ओळी सोबत आहेत, इंग्रजीतच लिहिल्यात, दानी सांगेल समजावून. तुझ्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवते, जाताना घेऊन जा.

तुझी,
मावशी


रांतेपाओजवळ, तोराजा
२९ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझे धपाटे दानीच्या भावानेच संपवले. चटणी लपवून ठेवली आहे.

इथे अंगणाभोवती बांबूचे मांडव उभारलेत, लाल कापडाने सजवलेले, आणि प्रत्येक मांडवात खण पाडलेत. एकेक खण एकेका घराचा. सासूबाईंच्या माहेरचा, मोठ्या जावेच्या माहेरचा, नणंदेच्या सासरचा, वरच्या गावच्या चुलत्यांचा. खांबावर पाटी असते. काल मी सगळ्या पाट्या वाचत फिरले. माझ्या माहेरची नव्हती.

मला वाटलं, लांबचे म्हणून नसेल. पण मोठ्या जावेचं माहेर तिमोरला आहे, बोटीने दोन दिवस लागतात, तरी त्यांचा खण आहे. मग दानीला धरलं. तो टाळत होता, मी सोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तुझ्या घरच्यांनी नातं घेतलं नाही ना, ऋता."

मावशी, ते पाकीट आहेर नव्हतं. निदान आपण ज्याला आहेर म्हणतो ते नव्हतं. या घरात असं मानतात की सोयरीक झाली की एकाने काहीतरी द्यायचं आणि दुसऱ्याने ते घ्यायचं. घेतलं म्हणजे आपण एकमेकांचे देणेकरी झालो, आता एकमेकांच्या घरी कोणी आजारी पडलं की यावं लागेल. परत केलं म्हणजे आम्हाला तुमच्याशी संबंध नको. अंबे, म्हणजे माझे सासरे, त्या दिवशी भारावले नव्हते. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुलगी दिली, पण दार लावून घेतलं." मग कोणाला काही बोलू दिलं नाही. माझ्याशी तर कायम हसून वागले.

विधीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात. प्रत्येक घर रांग करून अंगणात येतं, निवेदक माइकवरून सांगतो की ही अमक्या सुनेच्या माहेरची माणसं, आणि ती सून पुढे होऊन त्यांना मांडवात नेते. मोठी जाऊ तिच्या माणसांना नेईल. मी कॉफीचे ट्रे फिरवेन. इंदो, म्हणजे सासूबाई, परवा माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू आमचीच आहेस, आम्हीच तुझं माहेर." किती प्रेमाने म्हणाल्या! आणि मला इतकं लागलं की मी मागे जाऊन रडले. मला माहेर आहे, मावशी. पासिर रिसला आहे. इथे कोणालाच ते माहीत नाही.

आणि रेड्यांचं म्हणशील तर, रात्रंदिवस मी हेच ऐकतेय. नणंदेचं मत तुझ्यासारखंच आहे, म्हणते हा पैसा मुलांच्या शाळेला जावा, आणि तिचं नि भावाचं रोज वाजतं. पण दानी मकास्सारला इंजिनियरिंगला होता तेव्हा चार वर्षं तो ज्यांच्या घरी राहिला, जेवला, ते कोण होते माहीत आहे? ज्यांच्या आजीच्या विधीला अंबे डुकरं घेऊन गेले होते ते. मला अजून सगळं पटत नाही. पण हे नुसतं उधळणं नाही, एवढं कळायला लागलंय.

मी तुझ्यावर रागावले आहे का? हो, थोडी. तू मला न विचारता परत केलंस म्हणून. पण दानीवर जास्त, तीन वर्षं सांगितलं नाही म्हणून.

ऋता


पासिर रिस
३० जून २०२५

ऋता,

तुझं पत्र वाचून मला तोंडात मारल्यासारखं झालं. अगं, त्या माणसाने एक शब्द बोलायचा होता! मी काय अंतर्ज्ञानी आहे? आणि तो दानी, भेटेल तेव्हा त्याचा कान पिरगाळणार आहे, इंजिनियर असला तरी.

सकाळभर मी चिडून भांडी आपटत होते. मग शिरीष म्हणाला, "नीता, पण कॉफी?" म्हटलं, कसली कॉफी? तर म्हणाला, तुझ्या सासऱ्यांनी निघताना त्याच्या हातात कॉफीचं एक पाकीट कोंबलं होतं, त्यांच्याच मळ्यातली. याने मला सांगितलं नाही, कारण मी तीही परत केली असती. मी सकाळी मॉर्निंग वॉकला गेले की करून प्यायचा. महिनाभर पुरली म्हणे. ऐकलंस? आम्ही घेतलंय! प्यायलोय! पचवलंय! इंदोंना आत्ताच्या आत्ता जाऊन सांग की दार लावलेलं नव्हतं. शिरीषने पाय अडकवून ठेवला होता.

आता पुढचं. मी येतेय. विचारत नाही, सांगतेय. आमचा खण बांधायला लावा आणि पाटी लावा.

दोन गोष्टी मात्र आधीच बोलून ठेवते, नंतर कटकट नको. एक, मी रेडा किंवा डुक्कर आणणार नाही. मारण्यासाठी जनावर विकत घेणं या जन्मी माझ्याच्याने होणार नाही, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं वागणारही नाही. पण रिकाम्या हाताने यायची नाही. दुसरं काय चालतं ते विचार. दोन, कापाकापीच्या आणि मटणाच्या वाटणीच्या वेळी मी पाठ फिरवून बसेन. तेवढं माझं सांभाळून घ्या.

काय नेसायचं ते कळव.

मावशी


रांतेपाओजवळ
२ जुलै २०२५

मावशी,

इंदोंना कॉफीचं सांगितलं. आधी त्यांनी तीनदा विचारलं, "खरंच प्याले?" मग त्या खोलीत गेल्या आणि अंबेंना सांगत बसल्या. बराच वेळ. बाहेर आल्या त्या हसत. म्हणाल्या, ते म्हणतायत, शिरीष मला तेव्हाच शहाणा वाटला होता. काकांना हे सांगू नकोस, आयुष्यभर ऐकवतील.

जनावराचं मी घाबरतच बोलले. इंदो म्हणाल्या, "पाहुण्याच्या हातात काय आहे ते दुसरं, आधी रांग किती लांब आहे ते बघतात." साखर, तांदूळ चालतात, इतर लोकही आणतात. पण तुम्ही दोघंच आलात तर रांग कसली होणार, हेच त्यांच्या मनात होतं, बोलल्या नाहीत.

नेसायचं काळं. फक्त काळं. तुझ्याकडे शुभकार्यात काळं चालत नाही, आणि इथे काळ्याशिवाय चालत नाही. मकास्सारहून गाडीने आठ-नऊ तास लागतात, रस्ता वळणावळणाचा आहे, काकांना गोळी दे.

आमचा खण बांधतायत. पाटी मी स्वतः रंगवली.

ऋता


पासिर रिस
२७ जुलै २०२५

चि. ऋता,

पोचलो सुखरूप. शिरीषने येताना पाच किलो कॉफी आणली आहे आणि आता ती राजरोस करून पितो.

तू अजून तिथेच, आवराआवरीत. फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहायला बसले. तुझं ते अंगणातलं तोंड मला काही विसरता येत नाही. निवेदकाने "ऋताच्या माहेरची माणसं, सिंगापूरहून" असं पुकारलं, तू ट्रे हातात घेऊन उभी होतीस, आणि आमची रांग आत यायला लागली. दोघं नाही, चार नाही, माझी अख्खी भिशी! काळ्या साड्या कुठून आणल्या म्हणून सगळे विचारत होते. अगं, मराठी बाईकडे काळी साडी नाही असं होईल का? संक्रांतीच्या होत्या सगळ्यांच्या. भिशीतल्या वल्लरीच्या पदरावर तर पतंग छापलेले होते, तिला म्हटलं, पदर आत खोच आणि रडवेलं तोंड कर. तुझ्या खणाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच ती लगेच हो म्हणाली होती. म्हणाली, "तुझ्या ऋताचा खण रिकामा राहतोय होय!" बाकीच्याही तशाच. रजा टाकल्या, तिकिटं काढली, एकीने नवऱ्याला पहिल्यांदा डबा करायला शिकवला. त्या साखरेच्या पोत्यांसकट आमची वरात बघून तू ट्रे कोणाच्या तरी हातात दिलास आणि पळत आलीस. रांगेने न्यायचं असतं, पळायचं नसतं, हे तूच मला लिहिलं होतंस. इंदो मागून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

ते झालं तू बघितलेलं. आता तू न बघितलेलं सांगते.

चौथ्या दिवशी तू मागे भात वाढत होतीस तेव्हा मटणाची वाटणी सुरू झाली. मी ठरल्याप्रमाणे पाठ फिरवून बसले होते, नाकाला पदर लावून. बांबूच्या उंच माच्यावर उभा राहून एक माणूस एकेक घराचं नाव घेत होता आणि ज्याचं त्याला द्यायला लावत होता. शेजारचे आजोबा मोडक्या इंग्रजीत शिरीषला समजावत होते की हे जेवण नव्हे, हा मान आहे. ज्याचं नाव माच्यावरून येतं तो या घराचा.

आणि आमचं नाव आलं. तुझं नाव, आणि "सिंगापुरा".

मला वाटलंच नव्हतं. आम्ही जनावर नेलं नव्हतं, मग वाटा कसला? पण इंदोंनी सांगून ठेवलं होतं म्हणे. सगळं अंगण आमच्याकडे वळून बघायला लागलं. शिरीष उठायला लागला. तो गुपचूप हॉकर सेंटरच्या टपरीवर चिकन राइस खातो हे मला दहा वर्षं माहीत आहे, त्याचं काही बिघडलं नसतं. पण मी त्याला खाली बसवलं. म्हटलं, तू नाही. पाकीट मी परत केलं होतं.

मग मी वळले. उठले. पदर नाकावरून काढला, चांगला कमरेला खोचला आणि अंगणातून चालत गेले. चिखल होता, आणि आणखी काय काय होतं ते तुला माहीत आहे. समोरच्या मुलाने बांबूच्या दोरीत ओवलेला तो तुकडा पुढे केला, आणि मी दोन्ही हात पुढे केले. जसे तेव्हा दारात केले होते अगदी तसेच, फक्त उलटे. जड होतं गं. अजून कोमट होतं. मनातल्या मनात तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, दादा, घेतलं हो. या वेळेला घेतलं.

खांबापर्यंत घेऊन आले, तुझ्या पाटीखाली ठेवलं. मग इंदोंच्या बहिणीला दिलं, तिच्या घरी चूल पेटलेलीच होती. आणि त्यानंतर मी विहिरीवर जाऊन डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं. माझं माझ्यापाशी. पण परत केलं नाही.

आता हिशेबाचं बोलायचं तर मी बँकवाली, मला हे कर्ज कळलं. याला फेड आहे पण शेवट नाही, आणि शेवट नसावा म्हणूनच ते आहे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, लवकर फेडा आणि मोकळे व्हा. इथे मोकळं झालं की एकटं पडायचं. तुमच्या फ्लॅटबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही हं. पुढच्या वर्षी घेऊन टाका.

निघताना इंदोंनी माझे दोन्ही हात धरले आणि दानीला भाषांतर करायला लावलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आजारी पडलात की आम्ही सगळे येऊ. रेडा घेऊन." मी म्हटलं, अहो, आमचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली व्हॉइड डेकची सगळ्यांची मोकळी जागा, तिथे नुसत्या खुर्च्या मांडायच्या तरी आधी परवानगी काढावी लागते! तर त्या म्हणाल्या, "मग रेडा नको. आम्ही येऊ."

तेव्हा ऋता, नीट लक्षात ठेव. मी आजारी पडले की पत्रिकेवर काही छापू नकोस. दार उघडं ठेव, आणि कोणी काही हातात दिलं तर दोन्ही हातांनी घे.

तुझ्या माहेरची,
मावशी